बबनशेठ चीनला जाऊन आले

वेल्ह्याच्या बाजारात चीन बघून आलेला माणूस एकच आहे, आणि त्याला चीन कसा आहे असं विचारलं की तो गादीबद्दल बोलतो.

"बीजिंगची गादी मऊ. हात ठेवला की आत जातो. शांघायची जरा कडक, पर कंबरंला बरी. उशा चार-चार. एका डोक्याला चार उशा कशाला, ते काय कळलं न्हाई. पर सोय बघा, सोय!"

हे बबनशेठ. बादशहांचे राजवाडे, ढगात घुसलेल्या इमारती, नदीकाठचे रोषणाईचे पूल, वाऱ्यासारखी पळणारी आगगाडी, सगळं या माणसानं बघितलं आहे. पण ते त्यांच्या तोंडून काढायचं म्हणजे विहिरीत पडलेली बादली गळ टाकून काढण्यासारखं आहे. गादी, उशी, गरम पाणी आणि सकाळचा नाश्ता मात्र न विचारता बाहेर येतात.

शेठ माझे घरमालक. तहसील कचेरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं सिमेंट, पत्रे आणि पाइपचं दुकान आहे. दुकानावरच्या दोन खोल्यांत मी राहते. मी भोरची. इथल्या शाळेत भूगोल शिकवते, शनिवारी दुपारच्या एसटीनं भोरला जाते आणि सोमवारी सकाळी परत येते. मधल्या दिवसांत सिमेंटची धूळ आणि शेठचा आवाज, दोन्ही न बोलावता जिना चढून वर येतात. शेठच्या भुवयांवर सिमेंट इतकं मुरलेलं असतं की त्यांचं वय कुणाला नक्की सांगता येत नाही. पन्नाशी ओलांडली असावी.

त्यांचं दुसरं वेड सत्काराचं. आमच्याकडे मान द्यायचा म्हणजे टॉवेल, टोपी आणि नारळ. लग्नात, जत्रेत, कुणी साहेब बदलून आला की, कुणी बदलून गेला की. बाकीचे लोक हे प्रसंगानं करतात. शेठना प्रसंग लागत नाही. डीपी दुरुस्त करणारा वायरमन खांबावरून खाली उतरायच्या आत शेठ टोपी घेऊन खांबाखाली उभे असतात. गाईला सुई टोचायला आलेले डॉक्टर, पहिली एसटी वेळेवर आणणारा ड्रायव्हर, बीपी मोजून देणारा पोरगेला कंपाउंडर, सगळ्यांना टोप्या पडल्या आहेत. बायकांना नारळ आणि खण. माझ्याकडे त्यांनी दिलेले इतके खण जमले आहेत की भोरच्या घरी आई विचारते, तू शाळेत शिकवतेस की डोहाळजेवणं करत हिंडतेस? गल्ल्याखाली पांढऱ्या टोप्यांचं आणि पांढऱ्या टॉवेलांचं एक खोकं कायम असतं. "मानानं माणूस बांधला जातो, बाई," असं म्हणतात. उधारीवाले मात्र टोपी घालूनही बांधले जात नाहीत, हे मी बघते.

चीनहून आल्यावर मी त्यांना शाळेत बोलावलं. नववीच्या पोरांना आशिया खंड नकाशात बघून बघून कंटाळा आला होता. म्हटलं, प्रत्यक्ष पाहिलेला माणूस आपल्याच इमारतीत खाली बसलाय. शेठ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. फळ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "चीन हा सोयीचा देश हाय." पोरांनी वहीत लिहून घेतलं.

एकानं विचारलं, चीनची भिंत केवढी लांब आहे?

"लांबी म्या न्हाई बघितली. वर जायला पाळणा हाय, दोरीवरचा. बसायचं, दार लागतं, वर. गुडघ्याला तरास न्हाई. तोरण्याला आसा पाळणा केला तर म्हातारी माणसं बी मेंगाईचं दर्शन घेतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन पोरांनो, त्या भिंतीत सिमेंट न्हाई. चुन्यात भाताची खळ घातलीय. चिकट भाताची. गाइडबाईनं सांगितलं तवा आमच्या बसमधले सगळे सिमेंटवाले गप झाले. कुणी कुणाकडं बघंना."

आगगाडीचं विचारलं. तर म्हणे तिच्या खुर्च्या फिरत्या असतात, त्यामुळे सगळी माणसं पुढं तोंड करून बसतात, कुणाला उलटं बसावं लागत नाही. चपला काढून पाय सैल सोडतोय तोवर शांघाय आलं. खिडकीतून काय दिसलं, या प्रश्नावर त्यांनी बराच विचार केला आणि सांगितलं, "काच लई सोच्छ हुती."

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक पोरगी उठली. तिनं विचारलं, "शेठ, ती भिंत भाताच्या खळीवर उभी हाय, मग आपल्या शाळंची टाकी तुमच्या सिमेंटची आसून गळती का?" मी डोळे मिटून घेतले. शेठनी पिशवीतून नारळ काढला आणि तिथल्या तिथं तिचा सत्कार केला. टाकीचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

आता हा माणूस गादी-उशीपाशीच का अडकून बसला, ते सांगायला पाहिजे. लोक त्याला हसतात, मीही हसते. पण मला कारण ठाऊक आहे.

शेठची बायको सुमनताई. घरच्या गाई, दुकानातल्या हमालांचा चहा, गिऱ्हाइकाबरोबर आलेल्या गवंड्यांची जेवणं, सगळं तिच्या अंगावर. कंपनीनं स्कीम जाहीर केली, की मार्चअखेर अमुक इतकं सिमेंट विकणाऱ्या दुकानदाराला जोडीनं चीनची सहल, पंचतारांकित हॉटेलात मुक्काम. त्या दिवशी सुमनताई वर माझ्याकडे आली. दाराला टेकून उभी राहिली. कधी बसायची नाही, दुधाची वेळ झालेली असायची. म्हणाली, "बाई, मला तिथं काय बघायचं न्हाई. आठ दिस कुणीतरी माझं आंथरूण घालावं, कुणीतरी काढावं. चहा कुणीतरी हातात द्यावा. मग ते चीन आसू दे, न्हाईतर नसरापूर."

शेठनी हे मनावर घेतलं. पुण्याच्या लोकांची फार्महाऊसं जिथं जिथं चालली होती तिथं तिथं ते जाऊन बसायला लागले. ज्याला कुंपण पुरलं असतं त्याला भिंत घालायला लावली. त्या मार्चमध्ये ते घरी जेवायला असे नव्हतेच. सुमनताईच्या छातीत जळजळ होत होती. ती म्हणायची पित्त आहे, जिऱ्याचं पाणी घ्यायची आणि कामाला लागायची. मीही पित्तच समजले होते. एके दुपारी ती गोठ्यात बसली ती उठेना. शेठ एका स्लॅबवर होते. ते आले, गाडी केली, पुण्याला नेलं. ती परत आली नाही. सिमेंटचा आकडा त्याच आठवड्यात पुरा झाला होता. कंपनीचा अभिनंदनाचा मेसेज दहाव्याच्या दिवशी मोबाईलवर आला. तो शेठनी मला दाखवला आणि विचारलं, "ह्येला काय उत्तर देत्यात, बाई?"

सुमनताईचं माहेर भोंगवली. तिथं तिची म्हातारी आई आणि धाकटा भाऊ मारुती. मारुती टेम्पो चालवतो. बहिणीवर त्याचा फार जीव. नदीकाठी सगळ्यांसमोर तो शेठला म्हणाला, "सिमेंटच्या पोत्यापायी माझी भन घालवली तुमी." त्यानंतर तो त्यांच्याशी बोलला नाही.

आमच्या भागात रीत अशी, की बायको गेली तर तेराव्याला तिच्या माहेरचा माणूस जावयाला टॉवेल-टोपी घालतो. सुखातली तीच वस्तू दुःखातही. ती डोक्यावर आली की माणूस दुखवट्यातून उठला, चारचौघांत मिसळायला, कामधंद्याला मोकळा झाला. तेराव्याला भोंगवलीची मंडळी आली होती. शेठ पाटावर बसले. मारुती समोर बसला होता, मांडीवर हात ठेवून. भटजींनी दोनदा नाव घेतलं. तो उठला नाही. दुसऱ्या कुणी पुढं होऊन घालावी तर सख्खा भाऊ समोर असताना कोण घालणार? थोड्या वेळानं शेठ बोडक्या डोक्यानंच उठले आणि पंगतीत वाढायला लागले.

टॉवेल-टोपीचं त्यांना काय कमी? खोकंभर माल दुकानात. पण ही टोपी आपल्या हातानं आपल्या डोक्यावर घालता येत नाही. मारुतीनंच घालायची. आणि मारुती एक शब्द बोलायला तयार नव्हता. शेठला दुसरं काही नको होतं, हे अख्ख्या बाजाराला माहीत होतं.

चीनला जायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मग एके दिवशी त्यांच्या सासूबाई एसटीनं आल्या. पिशवी मांडीवर घेऊन दुकानात सिमेंटच्या पोत्यावर बसल्या. मी जिन्यात होते, सगळं ऐकू आलं.

"माझ्या लेकीनं साऱ्या गावाला सांगितलंय चीनला जानार म्हून. तिचं तिकीट वाया घालवायचं न्हाई. तिच्या जागी मारुती यील."

"मामी, त्यो माझ्याशी बोलत न्हाई."

"नका बोलू. गादीवर निजायला बोलावं लागत न्हाई."

मारुतीनं कधीकाळी दुबईला ड्रायव्हर म्हणून जायचं ठरवून पासपोर्ट काढला होता. दुबई राहिली, पासपोर्ट राहिला. कंपनीनं नाव बदलून दिलं. आईपुढे मारुतीचं काही चाललं नाही, तिच्यापुढे भोंगवलीत कुणाचंच चालत नाही. गणपती झाल्यावर दोघं निघाले, एकाच गाडीत, एक पुढं बसून आणि एक मागं.

शेठची बॅग भरताना मी बघितली. कपडे तळाला दोन जोड. वर सगळे टॉवेल-टोप्या, खण आणि सोललेले नारळ. म्हटलं, शेठ, हे काय? म्हणाले, "परक्याच्या घरी रिकाम्या हातानं जायाचं व्हय, बाई?"

पुढचं थोडं शेठनी सांगितलं, थोडं त्यांच्या सासूनं.

कंपनीनं जोडप्यांचा हिशेब धरून खोल्या घेतल्या होत्या. बीजिंगच्या हॉटेलात तेविसाव्या मजल्यावरचं दार उघडलं तर आत एकच पलंग. आमच्या शाळेचं स्टेज बसेल एवढा. त्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा बदाम काढलेला आणि टॉवेलांचे दोन बगळे चोचीला चोच लावून बसवलेले. दोन्ही बाजूंना हे दोघं उभे, एकमेकांशी न बोलणारे. शेठना त्यातल्या त्यात बगळे आवडले. टॉवेलाची अशी घडी घालता येते, हे त्यांना सत्काराच्या दृष्टीनं फार मोलाचं वाटलं. हल्ली गिऱ्हाईक नसलं की दुकानात बसून ते बगळा करायच्या खटपटीत असतात. आजवर जमलं आहे ते कोंबडीच्या आसपास.

वेल्ह्या-भोंगवलीत न बोलणाऱ्यांची फारशी अडचण होत नाही. मध्ये कुणीतरी तिसरं असतंच. "त्येनला सांगा", "त्येला म्हणावं", असं म्हटलं की काम होतं. तेविसाव्या मजल्यावर तिसरं माणूस नव्हतं. तेव्हा मारुती आईला भोंगवलीला फोन लावायचा, आणि आई शेठच्या मोबाईलवर फोन करायची. शेठ पलंगाच्या पलीकडच्या बाजूला बसून तो उचलायचे.

"बाई, काय सांगू," म्हातारीनं मला पुढं सांगितलं. "माजी शेन काढायची येळ आन ह्येंचे फोन. मारुती म्हनायचा, आई, दाजींना सांग, संडासात भांड्यावर बसलं की ते आपोआप गरम हुतंय, भ्यायचं न्हाई. मी ह्येनला सांगायची. हे म्हनायचे, मामी, त्येला सांगा, पडद्याला हात लावू नको, बटन हाय. एका खोलीत दोघं, आन मी मधी गोठ्यात!"

मारुतीच्या त्या फोनबद्दल मला एक वाटतं. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याला भीती वाटू नये म्हणून कुणी परदेशातून रोमिंगवर फोन करत नाही.

शेठना तिथल्या शहरांत जे जे मिळालं त्याचं ते मापच काढत होते. नाश्त्याला ताट हातात घेऊन फिरायचं, पदार्थांची रांग आपल्या दुकानापासून थेट एसटी स्टँडपर्यंत जाईल एवढी, आणि संपलं की कुणीतरी न बोलता भरून ठेवतं. सहलीबरोबर एक गुजराती महाराज होता, तो यांच्यासाठी शाकाहारी करायचा. खोलीतून बाहेर पडलं की मागं कुणीतरी पलंग आवरून जायचं. किती वेळा पसारा केला तरी परत आवरलेला. शेठ एकदा मुद्दाम काहीतरी विसरल्याचं सांगून अर्ध्यातून परत गेले, आवरणारं माणूस कोण ते बघायला. एक मध्यमवयीन बाई होती. तिला नारळ आणि खण दिला. तिनं खण उलटसुलट करून बघितला आणि टेबल पुसायचं फडकं समजून ट्रॉलीत ठेवला. शेठना वाईट वाटलं नाही. म्हणाले, "कामाची बाई हाय, कामालाच लावनार."

शांघायच्या हॉटेलात पाणी मागवलं की यंत्र यायचं. माणसाच्या कमरेएवढं, चाकांवर चालणारं. आपणच लिफ्टमध्ये शिरायचं, दारापाशी येऊन गाणं वाजवायचं, पोट उघडून बाटल्या द्यायचं. शेठनी दार उघडलं आणि सवयीनं म्हणाले, "या, बसा." ते बसलं नाही. तेव्हा शेठनी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल गुंडाळला आणि पोटात नारळ ठेवला. यंत्र जसं आलं तसं वळून लिफ्टमध्ये गेलं आणि खाली जाऊन हॉलमध्ये सगळ्यांसमोर उभं राहिलं. सहलीतले लोक हसून हसून बेजार झाले. पण काउंटरवरची माणसं हसली नाहीत. त्यांतल्या एकानं ती टोपी दोन बोटांनी उचलली आणि लांब धरून आत नेली. शेठ हे सांगताना इथंच थांबायचे. "का म्हून तसं केलं, कुणास ठाऊक. टोपी नवीकोरी हुती."

शेठकडून मला मिळालेला चीन एवढाच. भिंत, पाळणा, यंत्र, नाश्ता आणि गादी.

दिवाळीनंतर एक दिवस शाळेतून आले तर दुकानासमोर टेम्पो उभा आणि मारुती त्यातून पोती उतरवून घेत होता. शेठ फळीपाशी उभे राहून त्याला काहीतरी सांगत होते आणि तो "व्हय दाजी, व्हय" म्हणत होता. मी जागीच थांबले. संध्याकाळी शेठना विचारलं, हे कसं झालं? म्हणाले, "गादीच इतकी चांगली हुती बाई, मानूस भांडनार कुठवर?" आणि गिऱ्हाईक आल्याचं निमित्त करून आत गेले. गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पुढच्या खेपेला मारुती आला तेव्हा शेठ नसरापूरला गेले होते. मी त्याला वर चहाला बोलावलं. तो खुर्चीच्या कडेवर बसला.

"गादीवर दाजी एक दिस बी निजले न्हाईत," तो म्हणाला. "खाली गालिच्यावर चादर टाकून निजायचे. ताईचं वरीस व्हायचंय म्हनाले फोनवर आईला. म्या एकटाच त्या मोठ्या पलंगावर. पर रोज सकाळी उठले की गादीवर हात फिरवायचे, उशी दाबून बघायचे. मला वाटायचं, ह्यो मानूस येडा झाला का काय. मग ध्यानात आलं. ताईला कशी वाटली आसती, ते बघत हुते."

मी चहा ओतत होते, ती ओततच राहिले. बशीत सांडला.

मग त्यानं शेवटच्या दिवसाचं सांगितलं. शांघायहून विमान होतं. हॉटेलच्या पायरीशी बस लागली होती. त्यांचा ड्रायव्हर साठीचा माणूस, हातात पांढरे मोजे घालून गाडी चालवायचा, सगळ्यांच्या बॅगा स्वतः चढवायचा. गाइड एक चिनी पोरगी, हिंदी शिकलेली, आपलं नाव लिली सांगायची. शेठनी निरोपाचा सत्कार काढला. लिलीला नारळ आणि खण दिला. मग ड्रायव्हरच्या डोक्यावर टोपी घातली आणि खांद्यावर टॉवेल टाकला.

ड्रायव्हर ताठ झाला. त्याचा चेहरा उतरला. हात वर गेला तो टोपी काढायलाच. पण पाहुण्याचा अपमान होईल म्हणून तो अर्ध्यावर थांबला. लिलीचं तोंड पडलं. तिनं मारुतीला बाजूला घेऊन हिंदीत सांगितलं, की आमच्याकडे पांढरं कापड डोक्याला घरातलं माणूस गेल्यावर बांधतात. एरवी कुणी घालत नाही, आणि गाडीवर बसताना तर नाहीच.

"दाजींनी ऐकलं. तसेच उभे ऱ्हायले, हात पुढं. काय करावं ते कळंना त्येनला," मारुती म्हणाला. "मग त्या पोरीनं सरळच इचारलं. तुमच्यात कुणी गेलंय का?"

बसमधले लोक खिडक्यांतून बघत होते. मारुती म्हणाला, त्या घडीला मला वाटलं, आता मी बी गप बसलो तर ताई गेलीच न्हाई आसं हुईल.

"म्या म्हनालो, माझी भन. ह्यांची बायको."

लिलीनं ते ड्रायव्हरला त्यांच्या भाषेत सांगितलं. ड्रायव्हरनं शेठकडे बघितलं. मग काढायला नेलेल्या हातानं त्यानं ती टोपी सरळ केली, नीट बसवली, आणि काहीतरी विचारलं. लिली म्हणाली, नाव विचारतायत.

मारुतीनं नाव सांगितलं. ड्रायव्हरनं ते एकदा म्हणून बघितलं. सु-मान. पुन्हा म्हटलं.

"मग पिशवीत हात घातला तर एक टॉवेल-टोपी उरली हुती. दाजी माझ्यापरास उंच. म्या म्हनालो, दाजी, वाका जरा."

कितीतरी महिन्यांनी तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला तो हा शब्द. शेठ वाकले. मारुतीनं टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला. "तवाच द्यायची हुती. ऱ्हायली हुती," म्हणाला.

"रडले का शेठ?" मी विचारलं.

"तिथं न्हाई. तिथं म्हनाले, टावेल सारखा कर, एका बाजूला लोंबतोय." मारुती जरा हसला. "गाडीत बसल्यावर रडले. म्या बी रडलो. विमानतळ लई लांब हाय तिथलं. आन त्यो ड्रायव्हर, बाई, त्यानं टोपी काढली न्हाई. सगळ्या रस्त्यानं डोक्यावर ठिवून गाडी चालवली."

मारुती गेल्यावर शेठ आले. जिन्यातून मला म्हणाले, "काय सांगत हुता मारुती?"

मी म्हटलं, "ड्रायव्हर चांगला माणूस होता म्हणाला."

शेठ कठड्याला टेकले. हातातला टॉवेल घडी घालत, मोडत राहिले. मग म्हणाले, "लई चांगला. बाई, म्या इचार करतो. त्यो टोपी घालून घरी गेला आसंल. बायकोनं इचारलं आसंल, कोन गेलं? त्येनं नाव सांगितलं आसंल."

"सांगितलंच असेल."

"मग रातच्याला जेवताना त्येंच्या घरात सुमनचं नाव निघालं आसंल. शांघायमधी. आयत्या ताटावर बसलेल्या मानसांत." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हंजी गेलीच म्हनायची ती चीनला."

खाली कुणीतरी पत्र्यांचा भाव विचारत होतं. शेठ उतरून गेले.